स्तनाच्या कर्करोगात पेशीचा निरोप कुठे बिघडतो

स्तनातल्या गाठीची बायॉप्सी झाली की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात खालच्या बाजूला चार नोंदी असतात: ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्रीसंप्रेरकांचे रिसेप्टर, म्हणजे त्यांचा निरोप पकडणारी प्रथिनं), हर-टू आणि केआय-६७. घरच्यांना त्यातला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो. खरं तर ईआर पॉझिटिव्ह असणं ही उपचारांच्या दृष्टीने बऱ्यापैकी चांगली बातमी असते. या चारही मोजण्या एकाच यंत्रणेवर वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेल्या आहेत. ‘वाढ’ हा बाहेरून आलेला निरोप पेशीच्या पडद्यातून आत, तिथून केंद्रकात आणि केंद्रकात ठरावीक जनुकापर्यंत पोहोचवणं, हे या यंत्रणेचं काम. कर्करोगाची पेशी सहसा नवं काही शोधून काढत नाही. वयात येताना, गरोदरपणात, जखम भरताना शरीर जो निरोप वापरतं, तोच तिच्यात एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही.

उतारा कोण काढतो

माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आणि प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. यकृताच्या आणि दूधनलिकेच्या पेशीत डीएनए तोच असतो, फरक असतो तो कोणती जनुकं चालू आहेत याचा. तलाठ्याच्या दप्तरातलं मूळ रजिस्टर बाहेर जात नाही, लागेल त्या गटाचा सातबारा उतारा तेवढा निघतो. तसाच डीएनए केंद्रकातच राहतो, लागेल त्या जनुकाची आरएनए नावाची प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होतं. कोणत्या जनुकाच्या प्रती काढायच्या आणि किती, हे ठरवणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. माणसात ती १,६०० च्या आसपास आहेत.

प्रत्येक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरला दोन टोकं असतात असं समजा. एक टोक डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखून तिथे चिकटतं. दुसरं टोक मदतनीस प्रथिनं गोळा करतं आणि प्रत काढणारी यंत्रणा तिथे बसवतं. इस्ट्रोजेन रिसेप्टरचंच घ्या. त्याची आवडती जागा म्हणजे जीजीटीसीए, मग कोणतीही तीन अक्षरं, मग टीजीएसीसी. एकूण १३ अक्षरं. मधली तीन सोडली तर दोन्ही बाजू एकमेकींचं उलटं प्रतिबिंब आहेत, कारण रिसेप्टर जोडीने येतो आणि जोडीतला प्रत्येक जण आपापली बाजू धरतो. अशा जागा डीएनएवर भरपूर आहेत, पण बऱ्याचशा गुंडाळून बंद ठेवलेल्या असतात. स्तनाच्या पेशीत फॉक्स-ए-१ नावाचा दुसरा फॅक्टर आधी जाऊन त्या भागाची गुंडाळी सैल करतो, मगच इस्ट्रोजेन रिसेप्टरला बसायला जागा मिळते. एकाच संप्रेरकाचा स्तनावर एक आणि हाडावर दुसराच परिणाम का होतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

पडद्यापासून केंद्रकापर्यंत

वाढीचे बहुतेक निरोप प्रथिनांच्या रूपात येतात. ते पेशीच्या पडद्यातून आत शिरू शकत नाहीत. म्हणून पडद्यात आरपार बसलेले रिसेप्टर लागतात. हर-टू हा त्यातलाच एक, ईजीएफ या वाढीच्या निरोपाच्या रिसेप्टरचा भाऊबंद. बाहेर निरोप चिकटला की दोन रिसेप्टर जवळ येतात आणि पेशीच्या आत असलेल्या एकमेकांच्या शेपटांवर फॉस्फेटचे गट चिकटवतात. त्या फॉस्फेटवर मधली प्रथिनं येऊन बसतात आणि रास नावाच्या छोट्या प्रथिनाला चालू करतात. रास जीटीपी हा रेणू धरून असतं तेव्हा चालू, आणि त्याचा जीडीपी झाला की बंद. चालू रास पुढे राफ, मेक आणि अर्क या तीन एन्झाइमांची साखळी पेटवतं. यातलं प्रत्येक एन्झाइम पुढच्यावर फॉस्फेट लावतं. शेवटचं अर्क केंद्रकात शिरतं आणि तिथल्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर फॉस्फेट लावतं. मग काही मिनिटांतच फॉस, जून, मिक यांसारखी जनुकं वाचली जाऊ लागतात, आणि गंमत म्हणजे ही जनुकं स्वतः ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच बनवतात. म्हणजे एका लाटेतून दुसरी लाट.

त्याच रिसेप्टरपासून दुसरा रस्ताही फुटतो: पीआय-३-के आणि पुढे एकेटी. हा रस्ता पेशीला जिवंत राहायला, साखर आत घ्यायला, प्रथिनं बनवायला सांगतो. इन्शुलिनही हाच रस्ता वापरतं. हे लक्षात असू द्या, पुढे एका औषधाच्या दुष्परिणामात ते पुन्हा भेटेल.

दोन्ही रस्ते सायक्लिन-डी-१ या प्रथिनापाशी एकत्र येतात. ते पुरेसं साठलं की सीडीके-४ आणि सीडीके-६ या एन्झाइमांना चालना देतं. ती एन्झाइमं आरबी नावाच्या पहारेकऱ्यावर फॉस्फेटचा मारा करतात. आरबीने तोवर ई-टू-एफ हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर पकडून ठेवलेला असतो. आरबीची पकड सुटली की ई-टू-एफ डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं चालू करतो. इथून पुढे पेशीला बाहेरच्या निरोपाची गरज उरत नाही, ती विभाजन पुरं करूनच थांबते. केआय-६७ ही रिपोर्टातली टक्केवारी म्हणजे विभाजनाच्या चक्रात उतरलेल्या पेशी शंभरात किती, एवढंच. विश्रांतीत असलेल्या पेशीत हे प्रथिन सापडत नाही.

पुस्तकांत नेहमी या साखळीच्या चालू होण्याच्या बाजूचं चित्र असतं. पेशीचं खरं कौशल्य मात्र बंद करण्यात आहे. वापरलेला रिसेप्टर पेशी आत ओढून नष्ट करते. रास काही वेळाने स्वतःच जीटीपी तोडून बंद होतं. प्रत्येक फॉस्फेट काढून टाकणारी वेगळी एन्झाइमं असतात. पीआय-३-केने केलेलं काम उलटवायला पीटेन आहे. मिक प्रथिन बनल्यावर साधारण अर्ध्या तासात निम्मं संपतं. म्हणजे निरोप थांबला की तासा-दोन तासांत पेशी पूर्ववत. कर्करोगाला यातलं कुठलं तरी एक ‘बंद’ मोडावं लागतं, आणि बहुधा एकावर भागत नाही.

मोडतोड कशी होते

पहिला प्रकार संख्येचा. हर-टूचं जनुक पेशीत दोन प्रतींत असतं. साधारण १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत त्याच्या कितीतरी जादा प्रती तयार झालेल्या असतात. निरोगी पेशीच्या पडद्यावर हे रिसेप्टर हजारांत असतात, इथे त्यांची संख्या लाखांत जाते. हर-टूला स्वतःचा असा बाहेरचा निरोप लागतच नाही, तो कायम जोडी जमवायच्या तयारीत उभा असतो. एवढी दाटी झाली की जोड्या आपोआप जुळतात आणि कोणी काही न सांगताच आत फॉस्फेट लागत राहतो. प्रथिनात दोष काहीच नाही, फक्त गर्दी.

दुसरा प्रकार आकाराचा. पीआय-३-केच्या मुख्य भागाचं जनुक पीआयके-३-सीए. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह कर्करोगांत साधारण ४० टक्क्यांमध्ये त्यात उत्परिवर्तन सापडतं, आणि तेही बहुतेक वेळा त्याच त्या दोन-तीन जागी. प्रथिनाच्या माळेतलं एक अमिनो आम्ल, म्हणजे एक मणी, बदलतं आणि एन्झाइमला रोखून धरणारी मिठी सैल होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हेच के-रासबाबत घडतं: १२व्या स्थानावरचं ग्लायसिन हे अमिनो आम्ल बदललं की जीटीपी तोडायचं काम अडतं आणि रास चालूच राहतं.

तिसरा प्रकार थांबवणारं प्रथिन हरवण्याचा. पीटेन, आरबी आणि सगळ्यांत मोठं नाव म्हणजे पी-५३.

पी-५३ हा स्वतः ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे. १९७९ मध्ये तो सापडला तेव्हा काही वर्षं त्याला कर्करोग घडवणारं प्रथिन समजत होते, काम नेमकं उलटं निघालं. एरवी पेशी तो बनवते आणि लगेच मोडते. एमडीएम-२ नावाचं प्रथिन त्याच्यावर नष्ट करण्याची खूण लावत राहतं. डीएनए तुटला की पी-५३वर फॉस्फेट लागतात, एमडीएम-२ची पकड सुटते आणि तो साठू लागतो. मग तो पी-२१ चालू करून विभाजन थांबवतो, दुरुस्तीची जनुकं चालू करतो, आणि नुकसान फारच असेल तर पेशीला मरायला लावणारी. तो एमडीएम-२चं जनुकही चालू करतो. स्वतःला संपवणाऱ्यालाच तो बोलावून आणतो, म्हणजे काम झालं की यंत्रणा आपोआप शांत होते.

पी-५३ चौघांच्या गटात काम करतो, आणि इथेच गोम आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच उत्परिवर्तन झालं तरी बिघडलेले रेणू चांगल्या रेणूंबरोबर एकाच गटात बसतात आणि बहुतेक गट निकामी करतात. उत्परिवर्तनं जास्त करून डीएनए धरणाऱ्या टोकातच होतात: १७५, २४८, २७३ या स्थानांवरची आर्जिनिन नावाची अमिनो आम्लं वेगवेगळ्या अवयवांच्या कर्करोगांत पुन्हा पुन्हा बदललेली सापडतात. स्तनाच्या सगळ्या कर्करोगांचा विचार केला तर साधारण ३० टक्क्यांत पी-५३ बिघडलेला असतो, ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) प्रकारात मात्र ८० टक्क्यांच्या आसपास. तिकडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बहुधा जनुक शाबूत असतं. एचपीव्ही विषाणूचं ई-६ प्रथिन पी-५३ मोडून टाकतं आणि ई-७ आरबीला निष्प्रभ करतं. दोन्ही पहारेकरी एका विषाणूने उडवले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस ज्या विषाणूविरुद्ध आहे तो हाच.

इस्ट्रोजेन रिसेप्टर: ज्याला हात घालता येतो असा फॅक्टर

मिक कितीतरी कर्करोगांत माजलेला असतो, तरी त्याच्याविरुद्ध रोजच्या वापरातलं औषध नाही. कारण साधं आहे. बहुतेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर सपाट, लवचिक असतात, छोटा रेणू अडकून बसेल अशी खोबणच त्यांच्यात नसते. एन्झाइमांना ती असते, म्हणून औषधं जास्त करून साखळीच्या वरच्या टप्प्यांवर बेतलेली आहेत.

इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे रिपोर्टातला ईआर, याला अपवाद आहे. इस्ट्रोजेन स्निग्ध असल्यामुळे पेशीच्या पडद्यातून सरळ आत येतं, त्याला रास-राफची साखळी लागत नाही. ईआर हाच रिसेप्टर आणि हाच ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. इस्ट्रोजेन बसण्यासाठी त्याच्यात तयार खोबण आहे. इस्ट्रोजेन आत बसलं की रिसेप्टरचा १२ क्रमांकाचा पिळदार तुकडा वळून खोबणीच्या तोंडावर येतो. तो तिथे आला की शेजारी एक खाच तयार होते आणि मदतनीस प्रथिनं त्या खाचेत बसतात. टॅमॉक्सिफेन त्याच खोबणीत बसतं, पण त्याला एक लांब शेंडा आहे. तो बाहेर डोकावतो, १२व्या तुकड्याला जागेवर येऊ देत नाही, आणि तो तुकडा जाऊन नेमका मदतनिसांच्याच खाचेत पडतो. रिसेप्टर डीएनएवर बसतो, जनुक मात्र वाचलं जात नाही. गर्भाशयाच्या अस्तरात मदतनीस प्रथिनांचा संच वेगळा असल्याने हेच टॅमॉक्सिफेन तिथे थोडंसं इस्ट्रोजेनसारखं वागतं. म्हणून पाळी गेलेल्या बाईला ही गोळी चालू असताना रक्तस्राव झाला तर लगेच दाखवायचं, वाट पाहायची नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जॉर्ज बीटसन या शल्यचिकित्सकाने १८९६ मध्येच अंडाशय काढून स्तनाच्या गाठी लहान होतात हे दाखवलं होतं. इस्ट्रोजेन सापडायला तेव्हा पाव शतकाहून जास्त काळ बाकी होता.

ईआरच्या हाताखालच्या जनुकांत सायक्लिन-डी-१ आणि मिक आहेत, म्हणून त्याच्यामुळे वाढ होते. आणखी एक जनुक आहे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचं. रिपोर्टातला पीआर तो हाच. पीआर तपासण्यामागची युक्ती फारशी कोणी समजावून सांगत नाही: पेशीत पीआर दिसतो याचा अर्थ ईआर नुसता हजर नाही, काम करतोय. ईआर आहे पण पीआर नाही, अशा गाठी संप्रेरक-उपचाराला सरासरीने कमी दाद देतात.

टॅमॉक्सिफेनचा नेहमीचा डोस रोज २० मिलिग्रॅम, ५ ते १० वर्षं. यकृतातलं सीवायपी-२-डी-६ हे एन्झाइम त्याचं एंडॉक्सिफेन या जास्त जोरकस रूपात रूपांतर करतं. पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं तेच एन्झाइम अडवतात. दोन वेगळ्या डॉक्टरांकडून दोन वेगळ्या चिठ्ठ्या असतील तर हे हमखास नजरेतून सुटतं. अशा वेळी सहसा व्हेन्लाफॅक्सिनसारखा पर्याय निघतो. गोळी परस्पर बंद मात्र करू नये.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन अंडाशयातून येत नाही, चरबीसारख्या ऊतींतलं ॲरोमाटेज एन्झाइम ते बनवतं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या ते एन्झाइम बंद करतात. पाळी चालू असलेल्या बाईला नुसतं लेट्रोझोल दिलं तर उलटा प्रकार होतो: इस्ट्रोजेन घटल्याचं मेंदूला कळतं, तो अंडाशयाला जादा चेतवतो, आणि औषध फुकट. त्यामुळे त्या वयात अंडाशय शांत करणारं इंजेक्शन बरोबरीने लागतं.

पेशी आडवाट शोधते

ईआर अडवला तरी हर-टू आणि पीआय-३-केचे रस्ते मोकळे असतात. अर्क आणि एकेटी सरळ ईआरवरच फॉस्फेट लावतात आणि इस्ट्रोजेन कमी असतानाही त्याला थोडंफार चालू ठेवतात. म्हणून गेल्या दशकातले उपचार एकाच वेळी दोन ठिकाणी अडवणारे आहेत. पाल्बोसिक्लिब हे सीडीके-४ आणि ६ रोखणारं औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. ते आरबीला ई-टू-एफ सोडू देत नाही. अस्थिमज्जेलाही सीडीके-६ लागतं, त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी, ही रचना त्यासाठीच. आरबीच गमावलेल्या गाठीवर हे औषध चालत नाही, कारण सोडवायला रोखून धरलेलं काही उरलेलंच नसतं. भारतात २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर याच्या जेनेरिक गोळ्या आल्या आणि किंमत बरीच खाली आली.

पीआयके-३-सीएचं उत्परिवर्तन असेल तर पीआय-३-के अडवणारं अल्पेलिसिब देता येतं. त्याने साखर वाढते, आणि हा दुष्परिणाम रचनेतच आहे: इन्शुलिनचा निरोप त्याच रस्त्याने जातो. त्यातून अडचण अशी की साखर वाढली की स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं आणि ते अडवलेला रस्ता पुन्हा उघडायचा प्रयत्न करतं. सुरुवातीच्या आठवड्यांत साखर वारंवार तपासतात ती यासाठी. हर-टू अडवणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅबच्या बाबतीत हृदयाचा हाच मुद्दा: हृदयाच्या स्नायूलाही ताण सोसायला हर-टू लागतो, म्हणून उपचार चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी इको काढतात.

ॲरोमाटेज रोखणारं औषध दीर्घकाळ चालल्यावर पसरलेल्या कर्करोगात एक नवं उत्परिवर्तन निवडून पुढे येतं. ईआरच्या ५३७ किंवा ५३८ क्रमांकाच्या जागी अमिनो आम्ल बदलतं आणि तो १२वा तुकडा इस्ट्रोजेनशिवायच खोबणीच्या तोंडावर जाऊन बसतो. निरोप नाही तरी रिसेप्टर चालू. अशा वेळी इस्ट्रोजेन आणखी कमी करून काही हाती लागत नाही, रिसेप्टरच मोडावा लागतो: फुल्वेस्ट्रंटचं इंजेक्शन, किंवा २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली इलासेस्ट्रंटची गोळी. सुरुवातीच्या गाठीत हे उत्परिवर्तन क्वचित असतं. त्यामुळे जुन्या ब्लॉकवर (पहिल्या गाठीच्या मेणात जपलेल्या तुकड्यावर) तपासून उपयोग नाही, आजार वाढल्यावर रक्तातल्या डीएनएवर तपासणी करतात.

रिपोर्ट चुकतो तो बहुधा लॅबच्या आधी

ईआर आणि पीआरसाठी १ टक्का किंवा जास्त पेशींची केंद्रकं रंगली तर पॉझिटिव्ह. १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. हर-टूचा रंग केंद्रकात नाही, पडद्यावर पाहतात: ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, २+ आला तर फिश तपासणीने जनुकाच्या प्रती मोजायच्या. १+ आणि फिश निगेटिव्ह २+ यांना आता ‘हर-टू लो’ म्हणतात. पसरलेल्या आजारात त्यांच्यासाठीही औषध आहे, तेव्हा ‘निगेटिव्ह’ एवढंच लिहिलं असेल तर नेमका आकडा मागून घ्यावा.

ही प्रथिनं ऊतकात नाजूक असतात. गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, नमुन्याच्या निदान दसपट द्रवात, आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवी. फॉर्मॅलिन ऊतकात फार सावकाश मुरतं, तासाला सुमारे एक मिलिमीटर. लिंबाएवढी गाठ न चिरता बाटलीत टाकून शनिवारी दुपारी ठेवली आणि सोमवारी लॅबला पाठवली तर बाहेरचा थर नीट टिकतो आणि आतला भाग तोवर कुजायला लागलेला असतो. ईआर तिथे दिसत नाही. रिपोर्ट येतो निगेटिव्ह, आणि जिला ५ वर्षं स्वस्तातली गोळी मिळायला हवी होती तिला नुसती केमोथेरपी मिळते. भारतात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त नोंदलं जातं. त्यात जीवशास्त्राचा वाटा आहेच, पण थोडासा वाटा या बाटलीचाही असावा.

पडताळा घ्यायची सोय त्याच स्लाइडवर असते. गाठीच्या कडेला निरोगी दूधनलिका असतील तर त्यांच्यातल्या काही पेशी ईआरला रंगल्याच पाहिजेत. त्या रंगल्या आणि गाठ रंगली नाही, तर निगेटिव्ह खरं. दोन्ही कोरं असेल तर तपासणीच फसली आहे. रिपोर्टात ‘इंटर्नल कंट्रोल’ची ओळ असते ती याचसाठी, ती नसेल किंवा शंका असेल तर पॅराफिनचा ब्लॉक मागून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासता येतो. ब्लॉक सांभाळून ठेवावा. जाड पोकळ सुईने काढलेल्या बारीक गाभ्यात फॉर्मॅलिन लवकर मुरतं, त्यामुळे मोठ्या नमुन्यापेक्षा कोअर बायॉप्सीवरची ईआर तपासणी सहसा भरवशाची ठरते. काही वर्षांनी आजार यकृतात किंवा हाडात दिसला, तर जमेल तिथे तिथला नवा तुकडा घेऊन ईआर, पीआर आणि हर-टू पुन्हा तपासतात, कारण मधल्या काळात काही रुग्णांत या नोंदी बदललेल्या असतात. हाडाचा तुकडा मऊ करायला आम्ल वापरलं तर ही तपासणी बिघडते. नमुना पाठवतानाच लॅबला तसं सांगून ठेवलं, तर लॅब तो तुकडा ईडीटीए या रसायनाने सावकाश मऊ करते.